फुकटच्या सोयीचे मोल

संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर इंटरनेटचे जग ज्या दारातून दिसते, त्या दाराला ब्राउझर म्हणतात. या दाराविषयी विचार करण्याचे कारण आजवर सामान्य माणसाला पडत नव्हते. यंत्राबरोबर जे आले ते त्याने निमूटपणे वापरले. परंतु २०२५ साली या क्षेत्रात जी चढाओढ सुरू झाली, तिच्यामुळे हा निश्चिंतपणा परवडण्यासारखा राहिलेला नाही. त्या वर्षी जुलैमध्ये पर्प्लेक्सिटी या अमेरिकन कंपनीने ‘कॉमेट’ आणि ऑक्टोबरमध्ये ओपनएआयने ‘ॲटलास’ नावाचा ब्राउझर लोकांपुढे ठेवला. ही नुसती दारे नव्हेत, दारात उभे राहिलेले कारभारीच ते. पानभर मजकुराचा चार ओळींत सारांश सांगणे, आलेल्या पत्रांना उत्तरे लिहिणे, चार दुकानांतील भाव ताडून पाहणे, इतकेच काय तर आपल्या वतीने खरेदी करणे, ही कामे ते अंगावर घेतात. एअरटेलने जुलै २०२५ मध्येच आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची एरवी पैसे मोजून मिळणारी सेवा वर्षभर विनामूल्य देऊ केली. ऑक्टोबरात कॉमेटही सर्वांना फुकट झाला. फुकट ते पौष्टिक, ही आपली जुनी म्हण आहे. तिच्यातील उपरोध मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.

या साधनांची उपयुक्तता नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. दृष्टी मंदावलेल्या वृद्धाला, इंग्रजी अर्जाच्या जंजाळात सापडलेल्या गृहिणीला, चार परीक्षांची माहितीपत्रके चाळणाऱ्या विद्यार्थ्याला असा मदतनीस मिळणे ही मोठीच सोय आहे. प्रश्न सोयीचा नाही. ती कोणत्या मोलाने मिळते आणि ते मोल आपण जाणूनबुजून देतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या खेड्यापाड्यांत एके काळी मुंबईहून मुलाचे पत्र आले की निरक्षर आई ते घेऊन शाळेच्या मास्तरांकडे जात असे. मास्तर पत्र वाचून दाखवीत, उत्तरही लिहून देत. कोणाच्या घरी किती कर्ज आहे, कोणाची मुलगी सासरी दुःखात आहे, हे सारे त्यांना ठाऊक असे. तरीही त्या आईला भीती वाटत नसे, कारण मास्तरांचे घर तिला माहीत होते आणि ऐकलेले पोटात ठेवण्याची त्यांची रीतही माहीत होती. शिवाय ‘हे वाचणाऱ्याने या बाईची पेटी उघडून दागिने माझ्याकडे धाडावेत’ असे कोणी पत्रात लिहिले असते, तर मास्तरांनी ते पत्र फाडून टाकले असते.

हा नवा यांत्रिक वाचक नेमका येथेच कमी पडतो. वाचायला दिलेला मजकूर कोणता आणि मालकाची आज्ञा कोणती, हा भेद त्याला खात्रीने करता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह या ब्राउझरच्या संशोधकांनी हे प्रात्यक्षिकासह दाखवून दिले. एका पानावरील प्रतिक्रियेत त्यांनी छुप्या सूचना पेरल्या आणि कॉमेटला त्या पानाचा केवळ सारांश करण्यास सांगितले. कॉमेटने त्या सूचनाच प्रमाण मानल्या. वापरणाऱ्याच्या खात्याचा ईमेल पत्ता त्याने शोधून काढला, टपालपेटीत आलेला एकवेळचा परवलीचा अंक वाचला आणि दोन्ही गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या. ब्रेव्ह ही स्पर्धक कंपनी आहे, हे ध्यानात घेतले तरी दोष खोटा ठरत नाही. ॲटलास प्रसिद्ध होताच ओपनएआयच्या सुरक्षाप्रमुखांनीही हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, अशी कबुली दिली होती.

दुसरी बाब हेतूची. आपल्या ॲपबाहेर माणूस काय खरेदी करतो, कोठे जातो, काय पाहतो हे कळावे आणि त्यानुसार जाहिराती दाखविता याव्यात, हे ब्राउझर काढण्यामागील एक कारण असल्याचे पर्प्लेक्सिटीचे प्रमुख अरविंद श्रीनिवास यांनी एप्रिल २०२५ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. नको असेल त्याला यातून बाहेर राहता येईल, असा खुलासा त्यांनी पुढे केला. तो आम्ही मान्य करतो. परंतु बाहेर राहण्याची वाट शोधण्याचे कष्ट शंभरांतले किती जण घेतील?

म्हणून जुने ब्राउझर सोवळे आहेत, असे मुळीच नाही. क्रोमच्या तथाकथित गुप्त खिडकीतही माहिती गोळा होत असल्याच्या दाव्यात गूगलला २०२४ मध्ये तडजोड करावी लागली आणि अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य करावे लागले. संरक्षणाचे आश्वासन देणाऱ्या अवास्ट कंपनीने ग्राहकांचा वावरच विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच वर्षी तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. कुंपणच शेत खाऊ लागले, ते असे. खासगीपणाचा झेंडा मिरविणाऱ्या ब्रेव्हनेही २०२० मध्ये टंकित पत्त्याला आपल्या दलालीचा दुवा गुपचूप जोडला होता. बोभाटा झाल्यावर त्याने माफी मागितली. तात्पर्य, नावावर नव्हे, वर्तनावर विश्वास ठेवावा.

तेव्हा नवे साधन अवश्य पाहावे, पण पाहुण्याला ओसरीवर बसवावे, देवघराच्या आणि तिजोरीच्या किल्ल्या देऊ नयेत. वाचनासाठी नवा ब्राउझर आणि बँक, टपाल व सरकारी कामांसाठी वेगळा ब्राउझर, ही विभागणी सर्वांना जमण्यासारखी आहे. परवलीचे शब्द नव्याच्या स्वाधीन करू नयेत. त्याची ‘स्मृती’ प्रथम बंद करावी आणि गरज भासली तरच उघडावी.

सरकारचेही कर्तव्य आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या कायद्याने संमतीची विचारणा आठव्या अनुसूचीतील भाषांत पाहता आली पाहिजे असे बंधन घातले. त्या अनुसूचीत मराठी आहे आणि कोंकणीही आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत मिळाली. ही विचारणा मराठीत आणि कोंकणीत, सामान्य माणसाला कळेल अशा शब्दांत व्हावी, यासाठी आपण आग्रह धरला पाहिजे.

ज्या गोमंतकात १९६१ पर्यंत छापावयाची ओळन् ओळ सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे, तेथे परक्या नजरेखाली वावरणे म्हणजे काय हे विस्ताराने सांगावयास नको. फरक इतकाच की ती नजर आपल्यावर लादली गेली होती. आजच्या नजरेला मात्र ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट टेकवून आपणच घरात घेत आहोत. ते बोट टेकविण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढेच आमचे सांगणे आहे.