फारकतीच्या कागदावर सही करण्याआधी

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की गावात चार माणसे बसतात, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहितात, दोघांच्या सह्या-अंगठे घेतात आणि म्हणतात, "झाले मोकळे!" पण जातीची जुनी रूढी कोर्टात शाबीत झाली तरच असा कागद टिकतो. एरवी लग्न कायम राहते आणि त्या कागदावर विसंबून केलेले दुसरे लग्न बेकायदा ठरते.

हिंदू विवाह कायद्याप्रमाणे १९७६ सालापासून परस्पर संमतीने घटस्फोट घेता येतो. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा हजर व्हायचे. योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ होऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे.

अर्जासोबतचा करारनामा मात्र आपल्या स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावा. दोघांत मिळून एकच वकील नको. पोटगी महिन्याला की एकरकमी, मुले कोणाकडे, दागिने, भांडी, दोघांच्या नावची जमीन, कर्जाचा जामीन, सारे स्पष्ट लिहिलेले हवे. "माझे काही मागणे नाही" या एका ओळीने बाईचा हक्क जाऊ शकतो. लेकरांच्या पोटगीचा हक्क मात्र आईच्या सहीने बुडत नाही.

वकिलाला पैसे कोठून आणायचे? १९८७ च्या कायद्याने बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या. सही त्यानंतर.