स्लिक टायर ट्रॅकवरच बरे



सुपरमोटोला स्लिक टायरच शोभतात, हे आपल्या अंकातील लेखातले मत शर्यतीच्या ट्रॅकपुरते ठीक. सोलापूरच्या सात रस्ता चौकात नाही. खाचा नसलेला टायर पाणी बाजूला सारू शकत नाही. ‘सोलापुरात पाऊस कुठे पडतो?’ असे लेखक विचारतात. पण पहिल्याच सरीत धूळ आणि तेलाचा जो राडा होतो, त्यावरच गाड्या आडव्या होतात.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याचा सल्ला तर धोक्याचा. हवा कमी असली की टायर जास्त लवतो आणि त्यानेच अधिक तापतो. मे महिन्यात विजापूर रस्त्यावर हा प्रयोग कोणी करू नये. हवा टायर गार असतानाच तपासावी आणि कंपनीने सांगितली तेवढीच भरावी.

सुपरमोटो बनवण्यासाठी एक्सपल्स दुचाकीला १७ इंची चाके लावणे हा ‘फक्त दिसण्याचा बदल’ही नव्हे. पुढे ९०/९०-२१ ऐवजी ११०/७०-१७ आला की व्यास सुमारे ११ सेंटिमीटरने घटतो आणि गाडी पुढून साडेपाच सेंटिमीटर खाली बसते. वेग पुढच्या चाकावरून मोजला जात असेल, तर मीटरही फुगवून सांगतो. लेखात यावर अवाक्षर नाही.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे, म्हणजे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष, वाचायलाही लेखक सांगत नाहीत. सवलतीतला जुना माल बहुधा तिथेच उघडा पडतो.

– एक दुचाकीस्वार, सोलापूर