विश्लेषण : दुचाकीची दुसरी चावी दहा मिनिटांत बनते, मग अडचण कुठे येते?

सकाळी नौपाड्यातून दुचाकी काढायची, ठाणे स्थानकाजवळ उभी करायची, लोकल पकडायची आणि रात्री परत यायचे. कल्याण, डोंबिवलीतही नोकरदारांचा हाच दिनक्रम. या धावपळीत चावी हरवली तर रस्त्यावरचा चावीवाला दहा-पंधरा मिनिटांत दुसरी करून देतो आणि विषय तिथेच संपतो. त्याची खरी किंमत कळते ती दुचाकी चोरीला गेल्यावर.

दुसरी चावी कशी बनते?

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मूळ चावी समोर असते. ती आणि कोरी चावी यंत्रात शेजारी बसवून दाते तसेच्या तसे कापले जातात. दुसऱ्यात चावीच नसते. मग कोरी चावी कुलपात घालून हलकेच फिरवली जाते, तिच्यावर उमटलेल्या खुणा पाहून कानस मारली जाते आणि कुलूप उघडेपर्यंत हे सुरू राहते. पहिला प्रकार म्हणजे नक्कल; दुसऱ्यात थेट कुलपावरून चावी घडते. दुसऱ्या प्रकारात दुचाकी कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

चिप असलेल्या चावीचे काय?

शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक मोटारसायकलींना साधी धातूची चावी असते. इमोबिलायझर असलेल्या वाहनात मात्र चावीतल्या चिपचा संकेत जुळल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. होंडाने जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हामध्ये ‘स्मार्ट की’ आणली. अशी चावी नुसती कापून भागत नाही. ती वाहनाशी जोडून घ्यावी लागते. त्यामुळे काम अधिकृत सेवा केंद्राकडे जाते आणि खर्च वाढतो. चोरालाही तितकेच जड जाते, हा त्याचा फायदा.

विमा कंपनी दोन्ही चाव्या का मागते?

नव्या वाहनाबरोबर साधारणपणे दोन चाव्या मिळतात. चोरीच्या दाव्यात प्रथम खबर, नोंदणी प्रमाणपत्र यांबरोबर विमा कंपन्या या दोन्ही मूळ चाव्या मागतात. वाहन परस्पर विकले नव्हते, चावी लावून बेफिकिरीने सोडले नव्हते, याची खात्री त्यांना करून घ्यायची असते. एकच चावी हाती असेल तर दुसरी कुठे गेली, हे मालकाला सांगावे लागते. बाजारात बनवलेली चावी मूळ म्हणून दिल्यास संशय वाढतो.

अशा त्रुटीमुळे दावा पूर्ण बुडतोच असे नाही. चावी वाहनातच राहिल्याने चोरीला गेलेल्या एका मालवाहू वाहनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दाव्याच्या ७५ टक्के रक्कम मान्य केली. मात्र त्यासाठी मालकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

चावी बनवणाऱ्यावर बंधन आहे का?

मोटार वाहन कायदा, १९८८ वाहनाची नोंदणी आणि क्रमांकपाटी यांचे नियम घालतो. चावी बनवण्यासाठी परवान्याची तरतूद त्यात नाही. उच्च सुरक्षा क्रमांकपाटी हवी असेल तर चासी आणि इंजिन क्रमांक द्यावा लागतो. त्याच वाहनाची चावी मात्र काहीही न दाखवता बनू शकते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वेगळी व्यवस्था आहे. तिथे मूळ चावीशिवाय वाहनाची चावी बनवणाऱ्याला ग्राहकाचे नाव, पत्ता, ओळखपत्र क्रमांक आणि वाहनाचा तपशील नोंदवून दोन वर्षे जपावा लागतो. समोर असलेल्या चावीच्या साध्या नकलेला ही अट नाही. रोजच्या ग्राहकाला त्रास न देता धोक्याच्या कामाची नोंद ठेवण्याचा हा मार्ग आहे. चावीवाल्यालाही त्याने संरक्षण मिळते. उद्या चौकशी झाली तर दाखवायला नोंद असते.

वाहनमालकाने काय करावे?

एक चावी हरवली तर दुसरी हाती असतानाच नक्कल करून घ्यावी. दोन्ही गेल्या आणि चावीचा क्रमांकही नसेल, तर अनेकदा इग्निशन, पेट्रोल टाकीचे झाकण आणि सीट यांच्या कुलपांचा पूर्ण संच बदलावा लागतो. अनेक कंपन्या चावीचा क्रमांक चावीवर किंवा सोबतच्या छोट्या पट्टीवर देतात. तो घरी जपून ठेवावा. नव्या गाडीचा फोटो टाकताना चावीचे दाते किंवा हा क्रमांक दिसू देऊ नये.

चावी हरवल्याची नोंद पोलिसांकडे त्याच वेळी करावी. लोकलमध्ये किंवा फलाटावर हरवली असल्यास लोहमार्ग पोलिसांकडे. नोंदीची प्रत विम्याच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. चोरीनंतर दिलेल्या स्पष्टीकरणापेक्षा चोरीआधीच्या तारखेचा हा कागद जास्त वजनदार ठरतो. आणि चावी चोरीला गेल्याची शंका असेल, तर नकलेवर न थांबता कुलूपच बदलावे. हरवलेली चावी कोणाच्या हाती आहे, हे नवी चावी सांगत नाही.