कोळसा देशाचा, खड्डा गावाचा

हिंगणीच्या शिवारालगत बोर धरण आहे. कोळशाची खाण नाही. सार्वजनिक कामासाठी जमीन जाणे म्हणजे काय, हे या पंचक्रोशीस सांगावे लागत नाही. परंतु धरणाचे पाणी निदान खालच्या शिवारास मिळते. वर्धा नदीच्या खोऱ्यातच पुढे वणी, घुग्घुस, राजुरा या पट्ट्यात कापसाची काळी जमीन खुल्या खाणींत गेली. तेथे गावाच्या वाट्यास खड्डा आणि मातीचे डोंगर आले.

महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग कोळशातून येतो आणि हिंगणीचा कृषिपंपही त्यास अपवाद नाही. म्हणून कोळसा नको, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो त्याची किंमत कोणी मोजावी, हा.

१९७३ च्या राष्ट्रीयीकरणाने खाणमालकांची मनमानी संपली, हे निर्विवाद. तेव्हा बहुतांश कोळसा भूमिगत खाणींतून निघे. तेथे हातांना काम होते. आज देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघतो. यंत्रे अजस्र झाली, जमीन अधिक लागू लागली, माणसे कमी. माती उपसण्याचे काम मोठ्या प्रमाणात खासगी कंत्राटदारांकडे गेले. मालकी राष्ट्राची, पण घाम कंत्राटी, हा कोणता समाजवाद?

कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. पण शेतमजुराचे नाव सातबाऱ्यावर नसते. शेत गेले की त्याची मजुरी बुडते आणि नोकरीच्या हिशेबातही तो नसतो. १९५७ च्या कोळसा-क्षेत्र कायद्याने घेतलेली जमीन कायमची सरकारची होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी या संपादनास २०१५ मध्ये लागू झाल्या. सामाजिक परिणामांची पाहणी मात्र बाहेरच राहिली. २०२० पासून तर व्यापारी विक्रीसाठी कोळसापट्ट्यांचे लिलाव खासगी कंपन्यांना खुले झाले. तेव्हा ‘राष्ट्रहिता’चा आधारही ढासळला.

म्हणून मागणी वाढीव मोबदल्यापाशी थांबता कामा नये. जमीन मुदतीच्या भाडेपट्ट्यानेच घ्यावी. वरची सुपीक माती वेगळी राखावी, कोळसा संपताच खड्डा भरून जमीन गावास परत करावी. भूमिहीनांची गणना आधी व्हावी. कंत्राटी कामगारास कायम कामगाराचे वेतन मिळावे.

हा लढा केवळ वणी-राजुऱ्याचा नाही. ज्या गावांत खाण नाही पण दिवा आहे, त्या हिंगणीसारख्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी हा ठराव मांडला पाहिजे.