वकिलाची मिळकत आणि घराचे कर्ज

चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत वाढलेला मुलगा काळा डगला चढवून कुर्ल्याच्या न्यायालयात उभा राहतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. समाजास त्याचा अभिमान वाटतो व तो योग्यच आहे. परंतु हाच वकील आठदहा वर्षांच्या व्यवसायानंतर घरासाठी बँकेकडे कर्ज मागावयास जातो, तेव्हा त्याच्याच आळीतील महानगरपालिकेचा कारकून त्याच्या आधी कर्ज मंजूर करून बाहेर पडतो. असे का व्हावे?

कारण उघड आहे. कारकुनाजवळ पगाराची पावती असते. वकिलाजवळ ती नसते व असूही शकत नाही. वकिली करणाऱ्यास पूर्ण वेळ पगारी नोकरी करण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. एका महिन्यात तीन पक्षकार फी देतात, पुढल्या महिन्यात एकही फिरकत नाही; मे महिन्यात उच्च न्यायालयास सुटी असते. मिळकत असते, पण तिला ताल नसतो.

ही अडचण आजची नव्हे. बाबासाहेब १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईत वकिली सुरू करावयाची तर सनदेपुरते पैसेही त्यांच्यापाशी नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले. अस्पृश्य बॅरिस्टराकडे मोठे सॉलिसिटर काम धाडीत नसत. तेव्हा १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविला आणि पुढे शासकीय विधि महाविद्यालयात अध्यापन केले. परळच्या बी. आय. टी. चाळीतून हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’त ते गेले, ते व्यवसायास प्रारंभ केल्यावर सुमारे दहा वर्षांनी. ठरलेल्या पगाराची जोड अनिश्चित फीला कशी द्यावी, हे या उदाहरणावरून दिसते. तो मार्ग आजही मोकळा आहे. दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकविण्याची मुभा वकिलास नियमांनीच दिलेली आहे.

सनदेचा प्रश्न मात्र पुष्कळसा सुटला आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये याहून अधिक घेता येणार नाही, असे ठरविले. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळू लागल्या असल्याने, जातीचा दाखला वेळीच काढून ठेवावा.

आता बँक काय पाहते ते समजून घेऊ. सामान्यतः मागील दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, खात्याचे उतारे व पतगुणांक ती मागते. २०१६ च्या वित्त कायद्याने व्यावसायिकांस अशी सोय दिली की, ठरलेल्या मर्यादेपर्यंत जमा झालेल्या फीपैकी निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविली तर सविस्तर हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. समजा, वर्षाची फी १२ लाख आहे. उत्पन्न ६ लाख, म्हणजे महिना ५० हजार. त्याचा निम्मा भाग हप्त्यास योग्य मानला, तर ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी २७-२८ लाखांचे कर्ज बसते. तोच वकील रोखीची फी खिशात ठेवून फक्त ५ लाख दाखवील, तर कर्ज साडेअकरा लाखांच्या आसपास थांबेल. आणि एवढे करून वाचते काय? २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर करच द्यावा लागत नाही. जो कर मुळात देणेच नव्हता, तो चुकविण्यासाठी आमचे तरुण घर गमावतात. याला व्यवहार म्हणावे काय? आलेली प्रत्येक फी पावती देऊन खात्यात भरावी.

हाती किती हवे, याचाही हिशेब करा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जास घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम बँकेस देता येत नाही. घर ६० लाखांचे असेल तर १२ लाख आपले. मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ३ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार निराळे. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्का सवलत आहे. पत्नी शिक्षिका वा परिचारिका असेल, तर तिच्या पगारामुळे कर्जाची मर्यादाही वाढते. अशा घरी मालकीत तिचे नाव पहिले असावे, असे आमचे मत आहे.

कर्ज म्हटले की वडीलधाऱ्यांस गावचा सावकार आठवतो. ही भीती अगदीच निराधार नाही. हप्ते ९० दिवस थकले की खाते बुडीत समजले जाते, आणि २००२ च्या कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेऊ शकते. म्हणून सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवल्यावाचून वकिलाने सही करू नये आणि हप्ता चांगल्या महिन्यावर नव्हे, मे महिन्यावर बेतावा. मोठी फी आली की मुद्दल फेडावे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना बंद करावयास लाविला आहे.

वकील म्हटला की तो भांडेल, वस्तीचा पत्ता म्हटला की तो बुडवील, असे मनात धरून अर्ज बाजूला सारले जातात, ही तक्रार वारंवार कानी येते. तोंडी नकार ऐकून कोणीही परत येऊ नये. कर्ज नाकारल्याची मुख्य कारणे लेखी कळविणे बँकेवर बंधनकारक आहे. तसा अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कर्ज द्यावे की न द्यावे, या बँकेच्या व्यापारी निर्णयात लोकपाल हात घालीत नाही. परंतु कारण दडविले, तर त्याचा जाब विचारता येतो. शिवाय कारण कागदावर आले की ते दुरुस्त करून दुसऱ्या बँकेकडे जाता येते.