सरासरीत न सापडणारा पाऊस

निगडीत राहणाऱ्या आम्हा मंडळींचा शेतीशी संबंध भाजीच्या भावापुरता, असे वरवर वाटते. पण कोणत्याही सोसायटीत डोकावून पाहा. जमीन अजून बीडला, लातूरला वा सोलापूरकडे आहे असे एखादे घर निघतेच. जून उजाडला की तिथून गावी फोन जातो : पाऊस झाला का?

पाऊस लहरी झाला, हे आता सारेच म्हणतात. त्यापायी शेतकऱ्याचे नेमके किती गेले, हे सांगणे मात्र अवघड. आमच्या पश्चिमेला मावळात भात पिकतो, पूर्वेला शिरूरकडे बाजरी. दोघांच्या कमाईतला फरक केवळ पावसाच्या माथी मारता येईल का? माती निराळी, पाणी निराळे, बाजार निराळा. म्हणून अर्थमिती सांगते, शिरूरची तुलना शिरूरशीच करा. कोरड्या वर्षाची ओल्या वर्षाशी. आईला हे शिकवावे लागत नाही. मुलाचे यंदाचे गुण ती त्याच्याच गेल्या वर्षीच्या गुणांशी ताडून पाहते.

पुण्याला ही विद्या परकी नाही. हवामान खात्याचा कृषी-हवामान विभाग १९३२ साली पुण्यात सुरू झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये मांडले, की पीकविम्याची भरपाई शेतागणिक न ठरवता परिसराच्या सरासरी उत्पादनावर ठरवावी. आजचा पीकविमाही मुख्यतः त्याच पायावर उभा आहे. म्हणजे सरासरी कशी काढली, यावर कुणाच्या तरी घरची दिवाळी ठरते.

२०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने इशारा दिला होता, की हवामानबदलामुळे कोरडवाहू भागात शेतीचे उत्पन्न २० ते २५ टक्क्यांपर्यंत घटू शकते. असे आकडे काढणारे तरुण संशोधक आपल्याला हवेत, पुष्कळ हवेत. संगणक ते चटकन शिकतात. पण एकूण पाऊस सरासरीइतका भरूनही ऐन फुलोऱ्यात तीन आठवडे उघडीप पडली तर पीक जाते, हे बांधावर उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. 'इक्रिसॅट'ने १९७५ पासून सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील गावांत माणसे मुक्कामी ठेवून घराघरांचा हिशेब लिहिला. माझ्या मते प्रशिक्षणाचा पहिला वर्ग अशाच गावात भरावा.

आणि दुसरा आमच्या या पट्ट्यात. शेती परवडेना म्हणून चाकणच्या कारखान्यात कंत्राटी शिफ्ट करणारा पोरगा हेक्टरी उत्पादनाच्या कोणत्याच तक्त्यात नसतो. त्याने गावी धाडलेल्या पैशावर घर तगते, आणि कागदावर नुकसान कमी दिसते. त्याने सोडलेले शिवार ज्या हिशेबात येत नाही, तो हिशेब कितीही बिनचूक असला तरी अपुराच.