पोटाची लाज कसली?

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर निघताना मैत्रिणींनो, आपण सगळ्यांसाठी दशम्या-चटणी आठवणीनं बांधतो. औषधाची पुडी मात्र राहते. वाटेत पोट बिघडलं तर बाई लाजेनं गप्प बसते, संडासाची सोय नाही म्हणून पाणीही टाळते. घात तिथंच होतो! जुलाबात जीवावर बेततं ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं. १९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून पटकीचे मृत्यू कमालीचे घटवले. तेव्हा ओआरएसची पाकिटं पिशवीत ठेवाच. नसतील तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घाला आणि घोटघोट प्या. शौचात रक्त पडलं, लघवी थांबली, ग्लानी आली तर थेट दवाखाना गाठा.